नाशिकचीं लेणीं आणि द्राक्षमळे : एका दिवसाची अभ्याससहल

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील शेतकरी प्रवास करीत नाहीं, असें कोणी म्हणेल तर तें खरें नव्हे. पंढरपूर, शेगांव, माहूर या ठिकाणीं तो पिढ्यान् पिढ्या जात आला आहे. लग्नकार्यासाठीं व बैलांच्या बाजारासाठींही तो दूरवर जातो. पण दुसऱ्या जिल्ह्यांतील आपला व्यवसायबंधु शेतांतील मालाचें पुढें काय करतो, तो माल कोणास, कोणत्या रूपांत व कोणत्या करारानें विकतो, हें डोळ्यांनीं पाहण्यासाठीं म्हणून घराबाहेर पडणारे आपल्यांत फार थोडे आहेत.

हल्लीं नाशिकास एक नवा प्रघात पडला आहे. सकाळीं प्राचीन लेणीं पाहावयाचीं आणि दुपारीं गंगापूर रस्त्याकडील द्राक्षमळ्यांत जाऊन तेथेंच तयार होणारी वाईन चाखावयाची, अशी एका दिवसाची सहल मुंबई-पुण्याकडील लोक मोठ्या हौसेनें करतात. शेतकऱ्यांच्या मासिकांत हा मद्याचा विषय कशास, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. त्यांस विनंति इतकीच कीं, लेख पुरा वाचावा आणि मग मत बनवावें. हौशी मंडळी ही सहल मौजेसाठीं करतात. शेतकऱ्यानें ती हिशेबासाठीं करावी. सकाळीं दगडावर जें वाचावयास मिळतें आणि दुपारीं कारखान्यांत जें दिसतें, त्या दोहोंचें सांगणें एकच आहे. शेतमालाची खरी किंमत त्याच्या पक्क्या रूपांत असते, आणि ती किंमत हातीं पडण्यास लेखी व्यवहार लागतो.

वाट आणि डोंगर

यवतमाळहून जाणारानें धामणगांव किंवा बडनेरा गांठून नागपूर-मुंबई मार्गावरील रात्रीची गाडी धरावी, म्हणजे सकाळीं नाशिकरोडला उतरतां येतें. नाशिक शहराच्या दक्षिणेस सुमारें ८ किलोमीटरांवर, मुंबईकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत, त्रिरश्मि नांवाचा डोंगर आहे. पायथ्यापासून दोनशेंच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. तेव्हां उन्हें तापण्यापूर्वींच चढून जाणें बरें. वर एका ओळींत चोवीस लेणीं आहेत. लोक त्यांस पांडवलेणीं म्हणतात. पण पांडवांचा त्यांच्याशीं कांहीं संबंध नाहीं. बौद्ध भिक्षूंनीं पावसाळ्याचे महिने एका जागीं राहून काढावे, यासाठीं तीं इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकापासून पुढें तीन-चार शतकें कोरलीं गेलीं.

सर्वांत जुन्या लेण्यांपैकीं एक म्हणजे एकोणिसावें. तें सातवाहन कुळांतील राजा कृष्ण याच्या कारकीर्दींत नाशिकच्या महामात्रानें कोरविलें. अठरावें लेणें चैत्यगृह आहे. दहावें लेणें क्षत्रप नहपान याच्या जांवयानें करविलें, आणि तिसरें गौतमीपुत्र सातकर्णि याची माता गौतमी बलश्री हिनें. या तिसऱ्या लेण्याच्या ओट्याखालीं सहा धिप्पाड पुरुष कोरले असून सगळ्या ओसरीचा भार त्यांनीं खांद्यांवर तोलून धरला आहे असें दिसतें. कोरीव काम सुंदर आहेच. परंतु ज्यानें सातबारा, फेरफार आणि पेरेपत्रकें यांत जन्म घालविला आहे, त्याची नजर मूर्तींपेक्षां भिंतींवरील अक्षरांकडे आधीं जाते. कारण त्या अक्षरांत जमिनीचे व पैशाचे दस्तऐवज आहेत.

दगडावरचें दप्तर

हे लेख प्राकृत भाषेंत आणि ब्राह्मी लिपींत आहेत. १८८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या मुंबई गॅझेटियरच्या नाशिक खंडांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांचें वाचन छापलें गेलें. पुढें फ्रेंच पंडित सेनार यांनीं ते पुन्हा तपासून प्रसिद्ध केले, आणि आपल्या नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं ते मराठी वाचकांस समजावून दिले.

दहाव्या लेण्यांतील एक लेख नहपानाचा जांवई उषवदात याचा आहे. हा लेख म्हणजे सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींचें ठेवपत्रच होय. उषवदातानें भिक्षुसंघास लेणें दिलें आणि त्याबरोबर तीन हजार कार्षापणांची कायम ठेव दिली. कार्षापण म्हणजे त्या काळचें रुप्याचें नाणें. ही रक्कम त्यानें गोवर्धन गांवच्या, म्हणजे नाशिकजवळच्या, कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेंकडा एक व्याजानें. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, व्याज मात्र घ्यावयाचें, अशी अट आहे. दोन हजारांच्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रासाठीं द्यावयाचे. एक हजाराचें व्याज किरकोळ खर्चासाठीं.

वाचकांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा. दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक म्हणजे महिना वीस; बारा महिन्यांचे दोनशें चाळीस. वीस भिक्षूंस बारा बारा म्हणजे तेही दोनशें चाळीस. जमा आणि खर्च यांत कवडीचाही फरक नाहीं. पुढें लेखांत असें म्हटलें आहे कीं, हें सर्व निगमसभेंत जाहीरपणें ऐकविलें आणि फलकवारांत, म्हणजे दप्तरांत, रिवाजाप्रमाणें नोंदविलें. रक्कम, व्याजाचा दर, खर्चाची बाब, जाहीर वाचन आणि दप्तरीं नोंद, अशीं पांचही अंगें ज्या दस्तऐवजांत आहेत, त्यांत आजचा कारकूनही खोड काढूं शकणार नाहीं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. राजाच्या जांवयानें एवढी रक्कम कोणाकडे ठेवली? कापड विणणाऱ्यांच्या संघटनेकडे. त्यांच्या मालास गिऱ्हाईक होतें आणि त्यांचा शब्द बाजारांत चालत होता, म्हणूनच राजघराण्याचा पैसा त्यांच्याकडे विश्वासानें आला. उषवदाताच्या आणखी एका लेखांत त्यानें एका ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांस शेत विकत घेऊन भिक्षूंच्या भोजनासाठीं दिल्याची नोंद आहे. विकणाराचें नांव, किंमत आणि शेत कोणत्या शिवेवर आहे हें सर्व त्यांत आहे. राजघराण्यांतला मनुष्य असूनही त्यानें शेत हिसकावून घेतलें नाहीं. मोल देऊन घेतलें व तसें लिहून ठेवलें.

तिसऱ्या लेण्यांतील दोन हुकूम तर प्रत्येक खातेदारानें समजून घेण्यासारखे आहेत. गौतमीपुत्र सातकर्णि यानें नहपानाचा पराभव केल्यावर, आपल्या कारकीर्दीच्या अठराव्या वर्षीं, गोवर्धनच्या विष्णुपालित नांवाच्या अमात्यास आज्ञा केली कीं, पश्चिम कखडी गांवचें, आजवर उषवदाताच्या भोगवट्यांत असलेलें, दोनशें निवर्तनांचें शेत त्रिरश्मीवरील भिक्षूंस दिलें आहे. निवर्तन हें त्या काळचें जमिनीचें माप. या शेतांत सरकारी माणसानें शिरूं नये, त्यास हात लावूं नये, तेथें मिठासाठीं खणूं नये, मुलखाच्या अंमलदारांनीं ढवळाढवळ करूं नये, असे त्यास दिलेले परिहारही लेखांत क्रमानें सांगितले आहेत. आपल्या जुन्या इनामी सनदा ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस ही भाषा ओळखीची वाटेल.

पण गोष्ट येथें संपत नाहीं. सहा वर्षांनीं, चोविसाव्या वर्षीं, राजा आणि राजमाता यांचा दुसरा हुकूम त्याच भिंतीवर कोरला आहे. तो त्या वेळच्या श्यामक नांवाच्या अमात्यास आहे. त्यांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, पूर्वीं कखडी गांवचें जें शेत दिलें तें कसलें जात नाहीं आणि तें गांवही वसतें नाहीं. म्हणून आतां नगराच्या शिवेवरील आमच्या मालकीच्या जमिनींतून शंभर निवर्तनें द्यावीं. कागदावर दोनशें निवर्तनें होतीं, पण नांगर चालत नव्हता. त्यापेक्षां वहितीचीं शंभर बरीं, हें भिक्षूंसही पटलें असावें. दिलेल्या दानांतील उणीव राजानें उघडपणें लिहून दुरुस्त केली, आणि ती दुरुस्ती मूळ हुकुमाशेजारींच कोरली. महसूल खात्यांत पुष्कळ फेरफार पाहिले, पण इतका स्वच्छ फेरफार क्वचित् पाहिला.

तेथें आपला विदर्भही आहे

याच लेण्यांत बलश्रीचा मोठा लेख आहे. त्यांत तिनें आपल्या मुलाच्या सत्तेखालील देशांचीं नांवें दिलीं आहेत. असक, मुळक, सुराष्ट्र, अपरान्त यांच्या मालिकेंत ‘विदभ’ हेंही नांव येतें. विदभ म्हणजे आपला विदर्भ. ही केवळ पोकळ बढाई नसावी. कारण १९३९ सालीं आपल्या शेजारच्या मंगरूळपीर तालुक्यांतील तऱ्हाळें येथें सातवाहनांच्या दीड हजारांहून अधिक नाण्यांचा ठेवा सांपडला, व त्याचा अभ्यास मिराशींनींच केला. गौतमीपुत्राच्या विजयाचीही साक्ष नाण्यांनींच दिली आहे. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगलटेंभी येथें नहपानाचीं तेरा हजारांवर रुप्याचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला छाप पुन्हा मारला होता.

आतां दुपारच्या भागाकडे वळण्यापूर्वीं एक दुवा सांगितला पाहिजे. त्याच सुमारास एका ग्रीक भाषक दर्यावर्दी व्यापाऱ्यानें समुद्रमार्गाच्या बंदरांची माहिती देणारें पेरिप्लस नांवाचें पुस्तक लिहिलें. त्यांत नहपानाचा उल्लेख आहे, आणि भडोच बंदरांत काय उतरतें व काय चढतें याची यादीही आहे. उतरणाऱ्या मालांत पहिलें नांव मद्याचें आहे. त्यांतही इटलीच्या मद्यास अधिक पसंती, असें तो लिहितो. दक्षिणेंतील पैठण आणि तगर म्हणजे तेर या बाजारपेठांतून गाडीवाटेनें भडोचला जाणाऱ्या मालांत नाना प्रकारचें सुती कापड होतें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील नेवासें येथील उत्खननांत रोमन बनावटीच्या मद्यकुंभांचे तुकडे निघाले, तेव्हां हें मद्य देशावर पोंचत होतें यांत शंका नाहीं.

म्हणजे त्या काळीं वाईन परदेशांतून इकडे येत होती आणि आपला कापूस कापड होऊन परदेशीं जात होता. कापड होऊन, हे शब्द ध्यानांत ठेवावे. आज नाशिकची वाईन परदेशीं जाते, आणि यवतमाळचा कापूस बोंडांतून निघाला तसा गांठोड्यांत बांधून व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो.

द्राक्षमळा आणि कारखाना

डोंगर उतरून शहर ओलांडलें कीं, गोदावरीवरील गंगापूर धरणाच्या बाजूस द्राक्षमळे लागतात. नाशिक, निफाड, दिंडोरी हा मुलूख खाण्याच्या द्राक्षांसाठीं पूर्वींपासून प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रांत वाईनचा मोठा उद्योग प्रथम नारायणगांवास शामराव चौगुले यांनीं १९८० नंतरच्या दशकांत सुरू केला. नाशिकास राजीव सामंत यांनीं अमेरिकेहून परत येऊन घरच्या जमिनींत वाईनच्या जातीचीं द्राक्षें लावलीं आणि आपली आई सुलभा हिच्या नांवावरून ‘सुला’ ही कंपनी काढली. तिची पहिली वाईन २००० सालीं बाहेर आली. २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर करून वाईनवरील उत्पादनशुल्कांत सूट दिली, आणि निफाड तालुक्यांत विंचूर येथें वाईन उद्योगासाठीं खास वसाहत उभी राहिली. २००५ सालीं सुला कंपनीनें मळ्यांतच पाहुण्यांसाठीं चाखण्याची खोली उघडली. तेव्हांपासून हा सहलीचा प्रघात वाढत गेला. आतां त्या बाजूस यॉर्क, सोमा इत्यादि इतर कारखान्यांतही पाहुण्यांची व्यवस्था आहे.

खाण्याचीं द्राक्षें आणि वाईनचीं द्राक्षें यांत मोठा फरक आहे. वाईनच्या जाती, उदाहरणार्थ शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शिराझ, काबर्ने, यांचे मणी लहान, सालीस जाड आणि बियांचे असतात. खाण्याच्या द्राक्षांत एकरीं वजन वाढविण्याकडे लक्ष. येथें मुद्दाम घड कमी ठेवून रस कसदार करावयाचा. छाटणी वर्षांतून दोनदां होते, एक एप्रिलच्या सुमारास आणि दुसरी पावसाळा सरतां सरतां. फळ जानेवारी ते मार्च या थंडीच्या व उतरत्या थंडीच्या दिवसांत तोडतात. रसांत साखर किती झाली हें यंत्रानें मोजून तोडणीचा दिवस ठरतो.

तोडलेला माल त्याच दिवशीं कारखान्यांत जातो. पांढऱ्या वाईनसाठीं घड दाबून रस काढतात व साल बाजूस करतात; तांबड्या वाईनसाठीं सालीसकट आंबवितात, रंग सालींतूनच येतो. किण्व घालून पोलादी टांक्यांत थंडाव्यांत आंबविलें म्हणजे साखरेचा मद्यार्क होतो. तो शेंकडा १२-१३ च्या आसपास असतो. कांहीं तांबडी वाईन नंतर ओकच्या लांकडी पिंपांत महिनोन्महिने मुरत ठेवतात. आपल्या वैद्यांचें द्राक्षासव धायटीचीं फुलें घालून आंबवितात, त्याची आठवण येथें होते. गाळून काढलेल्या दारूंत आणि वाईनमध्यें मूळ फरक असा कीं, वाईन आंबवून होते, भट्टी लावून उकळून काढीत नाहींत. पाऊण लिटरच्या एका बाटलीस साधारण एक किलो किंवा थोडीं अधिक द्राक्षें लागतात. तीं द्राक्षें काट्यावर काय भावानें गेलीं असतीं, आणि बाटलीवर काय किंमत छापली आहे, हें दोन आंकडे प्रत्येक पाहुण्यानें आपल्या वहींत शेजारीं शेजारीं लिहून ठेवावे. त्या दोहोंच्या मधल्या अंतरांत यंत्र, भांडवल, कर, जाहिरात आणि कौशल्य हें सारें आहे. पण शेतकऱ्याच्या उपयोगाचा धडाही तेथेंच आहे.

चाखण्याचा प्रकार असा. लहान लहान पेल्यांत चार-पांच प्रकारच्या वाईन घोट घोट देतात. आधीं रंग पाहावयाचा, मग पेला हालवून वास घ्यावयाचा, मग घोट तोंडांत घोळवावयाचा. गिळलाच पाहिजे असें नाहीं, थुंकण्यासाठीं भांडें ठेवलेलें असतें. समजावून सांगणारा मनुष्य पांढऱ्या वाईनमध्यें पेरूचा वास व तांबडींत जांभूळ आणि लवंग दाखवितो. प्रस्तुत लेखकानें एक घोट घेतला, त्यास तो आवळ्यासारखा तुरट लागला. पेरू सांपडला नाहीं. ज्यांस घ्यावयाची नसेल त्यांनीं संकोच करूं नये. मळा व कारखाना पाहण्यास पेला हातांत धरण्याची सक्ति नाहीं. १९४९ चा दारूबंदीचा कायदा महाराष्ट्रांत अद्याप लागू आहे, मद्यास परवाना लागतो, तेव्हां नियम विचारूनच पुढें जावें. आणि ज्यानें चाखली त्यानें परततांना गाडी हांकूं नये.

या उद्योगाची दुसरी बाजू

एवढें ऐकून कोणी लागलीच द्राक्षाचीं रोपें आणावयास निघेल, तर त्यानें थोडें थांबावें. २००१ च्या धोरणानंतर नाशिककडे एकामागून एक कारखाने निघाले आणि शेतकऱ्यांनीं वाईनच्या जातींची मोठी लागवड केली. २००८ सालीं जगभर मंदी आली, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला होऊन पर्यटक व हॉटेलांचें गिऱ्हाईक आटलें, आणि वाईनचा खप घसरला. टांक्या भरलेल्या राहिल्या. कांहीं कारखाने बंद पडले. नारायणगांवची ती पहिली मोठी कंपनीही पुढें कर्जाखालीं बुडाली. अनेक शेतकऱ्यांनीं उभे वेल उपटून टाकले.

असें कां झालें, हें समजण्यासारखें आहे. वाईनचें द्राक्ष जाड सालीचें व बियांचें. तें बाजारांत खाण्यासाठीं कोणी घेत नाहीं. त्यास एकच गिऱ्हाईक, तें म्हणजे कारखाना. शिवाय तें टिकत नाहीं. पिकलेला घड आठ दिवस थांबूं शकत नाहीं. वेलाचें आयुष्य पंधरा-वीस वर्षें, पूर्ण उत्पन्न सुरू होण्यास तीन वर्षें, आणि खरेदीचा करार जर चार-पांच वर्षांचाच असेल, तर उरलेल्या वर्षांचा धोका सगळा शेतकऱ्याच्या माथीं राहतो. ज्यांचे करार पक्के होते आणि ज्यांचा कारखाना उभा राहिला, ते तरले. ज्यांच्याजवळ नुसता शब्द होता, त्यांच्याजवळ वेल उरले.

म्हणून करार वाचतांना निदान इतक्या गोष्टी पाहाव्या: मालाची जात व दर्जा कसा ठरणार, वजन कोणाच्या काट्यावर होणार, दर आधीं ठरला आहे कीं तोडणीच्या वेळीं ठरणार, पैसे किती दिवसांत मिळणार, कंपनीनें माल उचलला नाहीं तर भरपाई काय, आणि करार किती वर्षांचा आहे. उषवदाताच्या ठेवपत्रांत रक्कम, दर आणि विनियोग स्पष्ट होते. सध्यांच्या छापील करारांत बारीक अक्षरांत यांपैकीं एखादी गोष्ट गाळलेली असूं शकते, आणि गाळलेली तीच नेमकी महत्त्वाची असते.

आपल्या जिल्ह्यास द्राक्ष मानवेल असेंही लेखकास वाटत नाहीं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंच, तेथें रात्री थंड. आपला उन्हाळा ४५ अंशांकडे झुकतो, आणि पाणी धरून ठेवणारी आपली भारी काळी जमीन द्राक्षवेलास सोसत नाहीं.

मद्याचा प्रश्न

या विषयांत मद्याबद्दल मौन पाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत १९७५ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलींत १९९३ पासून आहे. चंद्रपुरांत २०१५ सालीं झाली व २०२१ सालीं उठविली गेली. आपल्या जिल्ह्यांतही गांवोगांवच्या स्त्रियांनीं दारूबंदीची मागणी केली आहे, आणि ती त्यांनीं घरांत भोगलेल्या दुःखांतून केली आहे. २०२२ च्या जानेवारींत राज्य मंत्रिमंडळानें मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकूं देण्याचा निर्णय घेतला, तेव्हां शेतकऱ्याच्या हिताचें कारण पुढें केलें होतें. त्यास विरोधही मोठा झाला आणि तो निर्णय अमलांत आला नाहीं.

लेखकाचें मत असें कीं, शेतकऱ्याच्या मालास भाव मिळावा हें खरें, पण त्या भावाची किंमत शेतकऱ्याच्याच घरांतून वसूल होऊं नये. द्राक्ष पिकविणारानें द्राक्ष विकावें. पिण्याची संवय त्या धंद्याचा भाग नाहीं. आपल्या रानांत चैत्रांत मोह फुलतो, आदिवासी बंधु पहाटे उठून तीं फुलें वेंचतात. मध्य प्रदेश सरकारनें २०२२ सालीं मोहाच्या पारंपरिक दारूस वारशाचा दर्जा देऊन आदिवासींच्या गटांकरवीं ती काढण्याचें धोरण केलें. तसें येथें करावें असें लेखक म्हणत नाहीं. मोहाचीं फुलें अन्नही आहेत. त्यांचे लाडू होतात, सरबत होतें, आणि त्या मालास चांगलें वेष्टण व खात्रीचें गिऱ्हाईक मिळालें तर वेंचणारीच्या हातीं भट्टीवाल्यापेक्षां अधिक पडेल.

आपण काय आणावें

नाशिकहून रोप किंवा बाटली न आणतां विचार आणावा. द्राक्षवाल्याजवळ जी सोय नाहीं ती कापूसवाल्याजवळ आहे: कापूस नासत नाहीं. कोरड्या जागीं ठेवला तर महिनोन्महिने थांबतो. तरीही आपण तो दिवाळीच्या तोंडावर, उसनवारी फेडण्याच्या घाईंत, खेडा खरेदीच्या व्यापाऱ्यास नुसत्या चिठ्ठीवर देऊन मोकळे होतों. एक क्विंटल कापसांतून सुमारें ३४-३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकीचें तेल आणि ढेप होते, रुईचें सूत व कापड होतें. यांतील एकही पायरी आपल्या हातीं नाहीं. गांवांतील दहा-वीस खातेदारांनीं मिळून एकाच जातीचा, स्वच्छ वेंचलेला कापूस एकत्र केला, जिनिंगांत मजुरी देऊन त्याची रुई करून घेतली आणि गांठी विकल्या, तर निदान पहिली पायरी आपली होईल. तूर व सोयाबीन यांवर बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्ज मिळतें. घाईची विक्री टाळण्यास त्याचा उपयोग करावा. आणि सौदा कोणताही असो, काट्याची पावती व हिशेबपट्टी घेतल्यावांचून माल खालीं उतरवूं नये. २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील सहा जिल्ह्यांस मदतीचें पॅकेज दिलें, त्यांत आपला जिल्हा होता. मदत येते व जाते; पावती लिहून घेण्याची संवय लागली तर ती कायमची राहते.

दुसरें असें कीं, नाशिककरांनीं जुन्या वास्तूंस आजच्या शेतीशीं एका दिवसांत जोडलें, तसें आपणांसही करतां येईल. कळंबास चिंतामणि आहे व त्याच्या देवळांत खालीं उतरून जावें लागतें असें कुंड आहे. यवतमाळजवळ लोहाऱ्यास हेमाडपंती शिवमंदिर आहे. वणीस रंगनाथस्वामींचें देऊळ आहे. बाहेरच्या पाहुण्यास सकाळीं हीं स्थळें दाखवून दुपारीं एखादी जिनिंग, दालमिल आणि मोहाचे पदार्थ करणाऱ्या स्त्रियांचा गट दाखवितां आला, तर कापूस कोठून येतो हें शहरांतील मनुष्यास कळेल आणि चार पैसे गांवांत पडतील. त्या दिवसांत कोणास पेला देण्याची गरज पडणार नाहीं.

तूर्त, मंडळानें हंगाम संपल्यावर, म्हणजे फेब्रुवारीच्या सुमारास, वीस-पंचवीस सभासदांची एक अभ्याससहल नाशिकास काढावी, अशी सूचना आहे. त्याच वेळीं तेथें तोडणी चालूं असते. सकाळीं तीन आणि दहा या क्रमांकांचीं लेणीं शांतपणें पाहावीं; दुपारीं एक कारखाना, आणि वेळ काढून, कारखान्यास माल घालणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याचें घर. वेळ उरल्यास नाशिकरोडपासून फार दूर नसलेल्या सिन्नरास जाऊन यादवकालीन गोंदेश्वराचें मंदिर पाहावें. लोहाऱ्याचें देऊळ ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस तें त्याच घराण्यांतलें पण पुष्कळ थोरलें वाटेल. कारखान्यांत सर्व गोष्टी गोड सांगितल्या जातात; शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्याचा करार पाहावयास मागितला तर खरी माहिती मिळेल. ज्या सभासदांस यावयाचें असेल त्यांनीं मंडळाच्या कचेरींत आपलें नांव नोंदवावें, आणि येतांना गेल्या हंगामांतील आपल्या कापसाची चिठ्ठी असेल तर तीही बरोबर घ्यावी. लेण्यांतील ठेवपत्राशेजारीं ती धरून पाहिली म्हणजे तिच्यांत काय काय लिहावयाचें राहून गेलें आहे, तें निराळें सांगावें लागणार नाहीं.